आईला क्लिनिकच्या दारात सोडून जाणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय मुलांनो, मुलींनो, सुनांनो आणि जावयांनो,

साताऱ्यात माझं छोटंसं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. दोन टेबलं, एक खिडकी आणि पार्किंगची बोंब. गाडी लावायला जागा नाही म्हणून तुम्ही आईला दारात उतरवता, काच खाली करून "मॅडम, आईचा गुडघा जरा बघा, आलोच मी अर्ध्या तासात" म्हणता आणि पोवई नाक्याकडे निघून जाता. अर्ध्या तासाने बाहेरून हॉर्न येतो, काकू गडबडीने टेबलावरून उतरतात, चपला शोधतात, आणि मी सांगितलेल्या चार गोष्टींपैकी तीन तिथंच राहतात. चौथी त्या गाडीत तुम्हाला सांगतात की नाही देव जाणे. तर हॉर्न वाजायच्या आत जे सांगून होत नाही ते सगळं इथं लिहितेय. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा चुकून आत आला. चुकून म्हणजे बाहेर धो धो पाऊस होता म्हणून. आई चौसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, हा पोरगा चाळिशीच्या आतला, टीशर्टवर हिल मॅरेथॉनचा लोगो. आमच्याकडे यवतेश्वर घाटात ही शर्यत होते, एकवीस किलोमीटर, त्यामुळे जून ते सप्टेंबर निम्मं सातारा पहाटे घाटात असतं. मी सहज विचारलं कशी चाललीय तयारी, तर तो सुरूच झाला, आठवड्याला किती किलोमीटर वाढवायचे, कुठल्या दिवशी चढ, कुठल्या दिवशी पायांची ताकद, कुठल्या दिवशी आराम, घड्याळात सगळं नोंदलेलं. ऐकायला छान वाटलं खरंच. मग विचारलं, आणि आईचं काय? तर म्हणाला, "आईला मी काही म्हणजे काही करू देत नाही मॅडम. कामाला बाई आहे, स्वयंपाकाला पण लावलीय, जिना नको म्हणून खालच्या खोलीत आणलंय, पाणीसुद्धा हातात देतो आम्ही." अभिमानाने सांगत होता आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, जीव आहे त्याचा आईवर.

मी त्याला म्हटलं, तुझं ते भारीतलं घड्याळ काढ आणि तीस सेकंद लाव. काकूंना साध्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी करून, आणि म्हटलं उठा, पूर्ण उभ्या राहा, बसा, परत उठा, जमेल तितक्या वेळा. त्यानेच मोजलं. सहा. सातव्यांदा काकू अर्ध्यातून मागे कोसळल्या आणि हसायला लागल्या, "झालं बाई, एवढंच पेट्रोल." या चाचणीत साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा तरी यायला पाहिजेत, पासष्ट ते एकोणसत्तरला अकरा, पुढे ऐंशीपर्यंत दहा. पुरुषांना साठीला चौदा. त्याहून कमी म्हणजे पडण्याचा धोका वाढला असं धरतात. पोरगा गप्प झाला. त्याला आकडे कळतात ना, रोज तेच करतो.

तुमच्या घरी खुर्ची आहे, मोबाइलमध्ये घड्याळ आहे. आज रात्री करून बघा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि शेजारी उभे राहा एवढंच.

आता गुडघ्याबद्दल बोलूया. तुम्ही एक्स-रे घेऊन येता आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅप कमी झालाय" किंवा "वंगण संपलंय." कुणी सांगितलं विचारलं तर कुणीतरी घाईत सांगितलेलं असतं, आणि ते वाक्य आईच्या डोक्यात कायमचं बसतं. मग ती विचार करते की संपलंय तर जपून वापरू, जेवढं कमी चालेन तेवढं जास्त टिकेल. स्कूटरच्या टायरसारखं. पण गुडघा टायर नाहीये हो. हाडाच्या टोकावर जी कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, तिचं पोषण होतं ते आजूबाजूच्या द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर होतो दाब पडला आणि सुटला की. स्पंज पाण्यात दाबून सोडतो तसं. म्हणजे चालणं, उठबस हीच कूर्चेची जेवणाची वेळ. आपण काय करतो, दुखतंय म्हणून जेवणच बंद करतो.

झिजलेली कूर्चा व्यायामाने परत उगवते असं मी म्हणत नाहीये, कुणी तसं म्हणत असेल तर त्याच्या पावडरचा डबा घेऊ नका. पण दुखणं फक्त कूर्चेवर अवलंबून नसतं. एक्स-रे भयानक आणि बाई अजिंक्यताऱ्यावर चढून येते असंही बघितलंय, आणि एक्स-रे बऱ्यापैकी चांगला पण बाई पायरी उतरताना रडते असंही. पाठीच्या एमआरआयचं तर अजूनच गमतीशीर आहे, ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांचे स्कॅन तपासले तेव्हा विशीतल्या साधारण सदतीस टक्के लोकांच्या मणक्यांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली आणि ऐंशीच्या आसपास शहाण्णव टक्के. न दुखणाऱ्या माणसांमध्ये! केस पांढरे व्हावेत तसं आहे ते बरंचसं. तेव्हा रिपोर्ट वाचून आईकडे काचेच्या भांड्यासारखं बघू नका, ती ते बघणं ओळखते.

वाढतं काय, तर स्नायू. कुठल्याही वयात. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा लोकांवर प्रयोग झाला होता, अशक्त, आधाराने चालणारे लोक, त्यांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनं लावून व्यायाम दिला, चांगला जड व्यायाम, आणि ज्यांनी पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी जवळजवळ पावणेतीनपट झाली. नव्वदीत! आणि आपण चौसष्टच्या बाईला म्हणतो "आता या वयात कशाला."

मांडीचा पुढचा स्नायू म्हणजे गुडघ्याचा शॉकअप आहे असं समजा. तो मऊ पडला की प्रत्येक पावलाचा दणका सांध्यात जातो, मग दुखतं, मग ती अजून कमी चालते, मग तो अजून मऊ पडतो, आणि तोपर्यंत तुम्ही पलंगाशेजारी पाण्याची बाटली, रिमोट, मोबाइलचा चार्जर सगळं आणून ठेवलेलं असतं. प्रेमाने. दुष्टपणाने कुणी एवढं नुकसान करत नाही.

आता माझ्याच पोटावर पाय आणणारी गोष्ट. मशीन. "मॅडम, करंट द्या, शेक द्या, मागच्या वेळेला त्याने बरं वाटलं होतं." तुम्ही पण म्हणता, "दहा सिटिंगचं पॅकेज असेल तर सांगा." इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी नियमावली काढणारी नाइस नावाची संस्था आहे, त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी जे लिहिलंय ते सरळ आहे: सगळ्यांना व्यायाम द्या, वजन जास्त असेल तर ते कमी करायला मदत करा, आणि टेन्स, अल्ट्रासाउंड, आयएफटी, लेझर ही विजेची यंत्रं देऊ नका, उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांनाही नाही म्हटलंय. माझ्याकडे यातली दोन यंत्रं आहेत. पूर्वी मी पण सर्रास लावायचे, खोटं कशाला बोलू, पेशंट खूश, मुलगा खूश, मला त्या पंधरा मिनिटांत दुसरा पेशंट बघता यायचा. आजही कधी लावते, एखादी काकू फारच घाबरलेली असेल आणि जरा ऊब मिळाल्यावर पाय हलवायला तयार होत असेल तर. पण ते बडीशेप आहे, जेवण नाही. ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो, आम्ही मोफत तपासणी ठेवतो, तेव्हाही रांगेतला पहिला प्रश्न असतो की मशीन पण फुकट आहे का.

बरं, आता व्यायाम. हे चार तुम्हाला यायला हवेत, आईला नव्हे, तुम्हाला, कारण ती विसरल्याचं नाटक करणार आहे.

पहिला पलंगावरचा. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडी घट्ट झालेली हाताला लागली पाहिजे, पाच ते दहा आकडे मोजून सोडायचं. दहा-पंधरा वेळा, दोन्ही पायांना. श्वास रोखायचा नाही, विशेषतः बीपी असेल तर, मोठ्याने आकडे मोजायला लावा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. हा सगळ्यात सोपा आहे आणि म्हणूनच लोक आयुष्यभर यावरच थांबतात. दोन आठवडे पुरे.

दुसरा तोच खुर्चीचा, आणि चारांतला राजा हाच. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. धप्पकन बसायचं नाही, बसतानाच खरी कमाई आहे. जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा टाकून उंच करा, जमायला लागलं की एक काढा, मग दुसरी काढा, मग हातात दोन किलो तांदळाची पिशवी. हेच तुमच्या घाटातल्या चढासारखं आहे बघा, दर आठवड्याला थोडं अवघड. रोज तेच तेवढंच केलं तर शरीर म्हणतं कळलं, आणि झोपून जातं.

तिसरा ओट्याशी. ओटा धरून टाचा उचलायच्या, चवड्यांवर उभं राहायचं, हळू खाली. दूध तापेपर्यंत. तसंही आपण दुधाकडे बघत उभे राहतो आणि ते उतू जातं ते जातंच.

चौथा तोलाचा. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहणं, दहा सेकंद, मग दुसरा पाय. कुणीतरी शेजारी पाहिजे. हा व्यायाम कुणालाच महत्त्वाचा वाटत नाही, जोपर्यंत बाथरूममध्ये पाय सरकून खुब्याचं हाड मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टच्या पुढच्यांसाठी मुद्दाम सांगितलंय की आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकद दोन्हीचा व्यायाम हवा. आणि सगळ्या मोठ्या माणसांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दम लागेल पण बोलता येईल इतपत चालणं वगैरे, शिवाय दोन दिवस स्नायूंची ताकद. दीडशे मिनिटं म्हणजे एका सिरियलचा आठवडा हो, जास्त नाही. एकदम अर्धा तास नाही जमलं तर दहा-दहा मिनिटं तीनदा, चालतंय.

दुखेल का? हो, दुखेल. हे मी आधीच सांगते कारण तिसऱ्या दिवशी तुमचा फोन येतो, "मॅडम व्यायामाने दुखणं वाढलं म्हणून बंद केलं." नियम असा, व्यायाम करताना दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत आधीसारखं झालं तर चालू ठेवा. रात्रभर ठणकलं, गुडघा सुजला, तर बंद नाही, निम्मं करा. आणि सहा ते आठ आठवडे द्या. तुम्ही पहिल्या आठवड्यात एकवीस किलोमीटर पळाला होता का?

थांबायचं कधी तेही सांगते. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि ताप. एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं. पडल्यावर पायावर भारच देता येत नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि वजन विनाकारण उतरतंय. पाठदुखीबरोबर दोन्ही पाय बधिर आणि लघवीचा ताबा जातोय. यातलं काहीही असेल तर माझ्याकडे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. चालताना छातीत दाटलं तरी तसंच.

आता आईची बाजू, कारण सगळा दोष तुमच्यावर टाकणं बरं नाही. तिचं हमखास उत्तर म्हणजे "दिवसभर उभीच असते की मी, आणि वेगळा व्यायाम कशाला?" दमणूक खरी आहे तिची. पण ओट्यापाशी तीन तास एका जागी उभं राहून पाय नुसते अवघडतात, मांडीला जोर लावावाच लागत नाही. चपात्या लाटताना एक पाय छोट्या पाटावर ठेवा, दर पाच-सहा चपात्यांनी पाय बदला, पाठीला लगेच फरक कळतो. आणि कृपा करून ते "आमच्या आज्या जात्यावर दळायच्या म्हणून धडधाकट होत्या" असलं फॉरवर्ड करू नका. जात्यावरच्या ओव्या ऐका कधी, त्यात दुखणी कमी नाहीत.

जमिनीवर बसण्याबद्दल. "मांडी घालू नका, खाली बसू नका" हे मी पण सांगते, सूज आहे, खूप दुखतंय तेव्हा. पण ती तात्पुरती सूट असते, तुम्ही तिचा जन्मभराचा कायदा करता. गौरी-गणपतीत सगळे खाली पंगतीला आणि आई एकटी खुर्चीवर, असं चार वर्षं झालं की तिला जमिनीवरून उठताच येत नाही, आणि मग कधी घरात एकटी पडली तर तिथंच पडून राहते. ज्यांना जमतंय त्यांनी उठायचा सराव ठेवावा, आधी कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, मग खुर्चीचा आधार घेऊन चांगला पाय पुढे. गुडघा टेकवायला उशी घ्या. ज्यांचे सांधे फारच वाकडे झालेत त्यांना हे लागू नाही, आणि कमोड उंच करून घ्यायला लाजायचं काही कारण नाही.

दोन बारक्या गोष्टी ज्या नव्वद टक्के घरात उलट्या चालतात (हा टक्का माझ्या क्लिनिकमधला, अंदाजे). काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही धरायची, विरुद्ध हातात धरायची, म्हणजे उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. आणि जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एवढ्याने काहींचा जिना परत सुरू झालाय आणि वरच्या मजल्यावरचं देवघरसुद्धा.

वजनाचं मी आईला टोचून बोलत नाही, तुम्हीही बोलू नका, तिने खाल्लेलं सगळ्यांना दिसतं आणि उरलंसुरलं संपवलेलं कुणाला दिसत नाही. पण हिशेब माहीत असू द्या, एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. दोन-तीन किलोचा पण फरक पडतो, त्यासाठी बारीक व्हायची गरज नाही.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. सांधा बदलून सुखाने फिरणारे कितीतरी लोक माझ्यासमोर आहेत. पण ऑपरेशन झालं तरी व्यायाम सुटत नाही, आणि आधी मांडी ताकदीची करून गेलेली बाई नंतर उभी राहायला कमी कुंथते हे मी दर महिन्याला बघते.

त्या मुलाचं पुढे काय झालं सांगायचं राहिलं. त्याने आईला खालच्या खोलीतून वर नेलं नाही, एवढा काही चमत्कार झाला नाही. पण स्वयंपाकाची बाई एक वेळचीच ठेवली, कारण काकूंना ते हवं होतं, कुणी विचारलंच नव्हतं. पळून आल्यावर तो पायांचे व्यायाम करतो त्या वेळी शेजारी खुर्ची टाकतो, आणि दोघं एकत्र उठबस करतात. नवव्या आठवड्यात मला मेसेज आला, फक्त "११". दुखणं अजून आहे, पावसात जास्त असतं, पण राजवाड्यापर्यंत भाजी आणायला काकू स्वतः जातात आणि येताना पिशवी जड झाली तर रिक्षा करतात.

तर पुढच्या वेळी येताना तीन गोष्टी आणा. आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, ती रोज जिच्यावर बसते त्या खुर्चीची जमिनीपासूनची उंची मोजून, आणि तुम्ही स्वतः. गाडी लांब लावा आणि तिला हाताला धरून चालवत आणा, तेवढंच माझं अर्धं काम होतं. आत तिसरी खुर्ची आहे, तिच्यावर टॉवेल रचलेले असतात, ते मी उचलते.

तुमची,
गुडघेवाली मॅडम